उलटे आटे

१

दुपारचा चहा झाला की बाबा बाल्कनीच्या दाराशी खुर्ची ओढून बसत, आणि ती हॉलभर रद्दी पसरून मधोमध सायकल आणून ठेवी. हा त्यांचा नेमच होऊन बसला होता. सायकल बाबांचीच. काळी, लोखंडी, उचलायला गेलं तर कंबर धरेल अशी. इतकी वर्षं जिन्याखाली पडून गंजलेली, की खालच्या काकू येताजाता तिला "तुमचं ते मढं" म्हणत. रंगाऱ्याने मात्र सांगून ठेवलं होतं, भट्टीचा रंग हवा तर नुसता सांगाडा आणा, त्यावर एक चकतीसुद्धा राहता कामा नये.

हत्यारं म्हणावीत तर घरात काहीच नव्हती. बाबा जन्मभर फिटर, पण त्यांची पेटी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकलेली. उरला होता एक फिरता पाना, तोही हातात लुळा पडणारा. एक पक्कड, खिळे ठोकायची हातोडी, आईच्या शिवणयंत्राचं तेल आणि तिचा स्वतःचा हेअर ड्रायर. बाबांचे डोळे आता अधू झाले होते. ते नुसतं तोंडाने सांगत आणि ती करत असे.

हा उद्योग हौसेचा नव्हता. गेल्या महिन्यात बाबांनी गॅस बंद करायला म्हणून बटण फिरवलं आणि मोठा केला. पाठोपाठ, खाली फिरायला गेले ते परतताना दुसऱ्याच जिन्याने चढून कुणाच्या तरी दारात किल्ली लावत उभे राहिले. दादाने त्याच आठवड्यात शहराबाहेरची एक जागा पाहून ठेवली, जिथे म्हाताऱ्या माणसांकडे बघायला नर्स असतात. "बाबांचं डोकं चालत नाहीये," तो म्हणाला, "आणि तू तर काय, कुकरची शिट्टी झाली तरी उडतेस. उद्या काही झालं तर दोघांना कोण आवरणार?" ती म्हणाली, डोकं शाबूत आहे, मी सिद्ध करून दाखवते. बाबांनी नुसतं बसल्या जागेवरून सांगून सगळी सायकल सोडवली, तर त्यांना इथून हलवायचं नाही. दादा हसला, पण कबूल झाला. शेवटचा भाग मात्र आपल्यासमोर निघायला हवा, अशी अट त्याने घातली.

"चेनच्या बाजूने सुरू कर," पहिल्या दिवशी बाबा म्हणाले. "डाव्या अंगाला."

तिने पाहिलं. चेन उजव्या अंगाला होती.

तिने सायकल उलटी, चाकं वर करून ठेवली होती, म्हणून असेल. सायकल सुलटी करून ती तिच्या मागे जाऊन उभी राहिली, मग मनातल्या मनात सीटवर बसली, मग हात पसरून पाहिले. कशीही बसली तरी चेन उजवीकडेच. मग तिच्या लक्षात आलं, बाबा समोर बसलेत, ते आपल्या खुर्चीतून सांगत असणार. त्यांचं डावं ते आपलं उजवं. तिला एकदम हलकं वाटलं आणि ती कामाला लागली. खुर्ची आणि सायकल दोन्ही बाल्कनीकडेच तोंड करून आहेत, हे तिच्या खूप नंतर ध्यानात आलं.

२

पायडलांनी तिला जिंकून दिलं.

डावं पायडल काही केल्या हलेना. तिने तेल घातलं, ड्रायरने तापवलं, पान्याला लोंबकळली. खालच्या काकू तोंडाला पदर लावून वर आल्या. "अगं, बिल्डिंग पाडायला काढलीयेस का? माझ्या भिंतीवरचं घड्याळ थांबलं." पण येताना नळाच्या पाइपाचा एक लांब तुकडा घेऊन आल्या होत्या. "हा घाल पान्याच्या दांड्यावर. आमचे हे असंच करायचे. दांडा लांब केला की ताकद वाढते."

"तू आवळतेयस ते," बाबा खुर्चीतून म्हणाले. "डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. जगातलं सगळं एकीकडे सुटतं, ते दुसरीकडे. नाहीतर चालवता चालवता पाय मारूनच सुटून पडलं असतं."

तिने पाइप लावून पाना उजवीकडे ढकलला. पायडल कुरकुरलं आणि सुटलं. तिने लगेच फोनवर एक व्हिडिओ शोधून खात्री केली, तर बाबांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

"बघ," तिने दादाला फोनवर सांगितलं. "तुला तरी माहीत होतं का?"

"मला कशाला माहीत असेल? मी सायकलवाला आहे का?" दादा म्हणाला. "बरं, सांग त्यांना, एक मार्क दिला."

बाबा ऐकत होते. "कंजूष आहे," ते म्हणाले. दोघं खूप हसले. आई गेल्यानंतर त्या घरात इतकं हसू पहिल्यांदाच झालं असेल.

३

गाडी अडली ती सोप्या ठिकाणी.

मागच्या चाकाचा नट. साधा, कुठल्याही चाकाला असतो तसा. "हा उजवीकडे सुटतो," बाबा म्हणाले आणि हवेत पंजा धरून मनगट फिरवून दाखवलं. तिने तसा फिरवला. नट आणखी घट्ट बसला. तिने गुपचूप डावीकडे फिरवला, तर दोन झटक्यांत मोकळा.

"सुटला?"

"सुटला, बाबा."

पुढच्या चाकाचा नट, तोही तसाच. सीटखालचा बोल्ट तसाच. पायडलांच्या दांड्यांमधल्या पाचरी काढताना बाबांनी सांगितलं, "नट अख्खा काढू नकोस. टोकाशी ठेव आणि त्यावर लाकडाचा ठोकळा धरून मग हातोडी मार. नाहीतर घाव आट्यांवर बसतो आणि पाचर जन्मभर निघत नाही." असं नीट, हळुवार, एखाद्याला पोहायला शिकवावं तसं. आणि त्याच दमात, "उजवीकडे फिरव."

ती दरवेळी "हो" म्हणे आणि डावीकडे फिरवी. दादाला कळवी, सगळं अगदी बरोबर सांगतायत. खोटं बोलताना तिच्या कानाच्या पाळ्या तापत, पण फोनवर कान कुठे दिसतात?

संख्याशास्त्रात पदवी घेतलेली मुलगी. रात्री अंथरुणात पडल्यावर तिचं डोकं आपसूक हिशेब करू लागे. ज्याचं डोकं चालत नाही, तो माणूस अधूनमधून तरी बरोबर यायला हवा. नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा छापा पडतो. बाबा एकदाही बरोबर येत नव्हते. एकदाही न चुकता चुकायला तर सगळं बरोबर माहीत असावं लागतं. मग पायडलांचं कसं जमलं त्यांना? पायडलं दोन. एक सुलटं, एक उलटं. आरशापुढे धरली तरी जोडी तीच राहते, आणि बाकी सगळं मात्र...

इथे ती विचार सोडून देई. कूस बदलून भिंतीकडे तोंड करी.

"तुझ्या आईची एक गंमत सांगू?" काकू एकदा जिन्यात म्हणाल्या. "तू अगदी लहान होतीस. एकदा सुट्टीच्या दिवशी ही सायकल सोडवायला म्हणून तुझे बाबा कारखान्यात गेले. आले ते तिन्हीसांजेला, सायकल हाताने ढकलत. त्यानंतर म्हणे सगळं डाव्या हाताने. जेवणंसुद्धा. आणि सायकलला कधी पाय लावला नाही. तुझी आई सगळ्यांना सांगायची, कारखान्याने माझा नवरा बदलून दिला, पावती असती तर परत केला असता."

"त्यांचा उजवा हात मुरगळला होता," ती म्हणाली. घरात तिला तसंच सांगितलेलं होतं.

"असेल बाई," काकू म्हणाल्या. "मुरगळलेला हात इतकी वर्षं टिकतो का पण?"

४

रद्दी संपली म्हणून ती त्या दिवशीचा पेपर मागायला हॉलमध्ये आली.

बाबा बाल्कनीच्या दारात उभे होते. त्यांनी पेपराचं एकच पान सुटं करून दोन्ही हातांनी उन्हात धरलं होतं. ऊन पानातून आरपार येत होतं. त्यांचे ओठ हलत होते. पहिली दोन वाक्यं तिने सहज ऐकली; धरणात पाणी किती आणि पुढच्या महिन्यात कपात किती, असलं काहीतरी. बाबा अक्षर लावून वाचू शकतात, याचंच तिला इतकं बरं वाटलं की ती तशीच उभी राहिली.

मग ती त्यांच्या बाजूने बाल्कनीत सरकली आणि तिला ती बातमी दिसली. पाण्याची बातमी मोठ्या ठळक अक्षरांत तिच्याकडे तोंड करून होती. बाबांच्या बाजूला होती ती अख्खं पानभर साबणाची जाहिरात.

ते मागून वाचत होते.

तिच्या हातातली हातोडी फरशीवर पडली. बाबांनी सावकाश पान खाली केलं, घडी घातली. घडी घालतानाही ते डगमगले नाहीत.

"उन्हात धरलं की लागतं जरा," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

तिने मनाला समजावलं. अधू डोळ्यांना मोठी अक्षरं लागतात. मोठी अक्षरं त्या बाजूला होती, तर माणूस ती बाजू वाचणार. यात काय मोठंसं? त्या संध्याकाळी तिने न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि पेपराचं एक पान दिव्यासमोर मागून धरून पाहिलं. खूप डोळे ताणल्यावर तिला एक शब्द लागला. दुसरा लागेपर्यंत डोकं दुखायला लागलं.

५

आता सांगाड्यावर एकच गोष्ट उरली होती. हँडल निघालं होतं. हँडलच्या मुळाशी, सायकलच्या मानेवर, एक मोठा चपटा नट असतो. तो सुटला की पुढच्या चाकाचा चिमटा खाली उतरतो आणि सांगाडा मोकळा होतो. तो नट सुटत नव्हता.

तिने त्यावर तेल ओतून रात्रभर ठेवलं. केटलीभर उकळतं पाणी ओतलं. ड्रायर इतका वेळ धरला की घरभर जळका वास सुटला. काकूंचा पाइप लावून, पाय भिंतीला टेकवून, डावीकडे जीव खाऊन ओढलं. पान्याने नटाचे कोपरे थोडे खाल्ले, एवढंच. भिंतीला तिच्या पावलांचे काळे ठसे पडले.

"थांब," बाबा म्हणाले. "दम खा."

ती फरशीवर बसली. बाल्कनीतून येणारं ऊन सायकलच्या उघड्या मानेवर पडलं होतं.

"मी सांगतो त्याच्या उलट करतेस ना तू?"

तिने पाना हळूच रद्दीवर ठेवला.

"आवाजावरून कळतं मला. आवळताना लोखंड बारीक ओरडतं, सुटताना जाड. मी आवळायला सांगतो आणि मला सुटल्याचा आवाज येतो. पहिल्या चाकापासून ऐकतोय." ते रागावलेले नव्हते. पाण्याच्या बातमीसारखं सांगत होते. "हातात बसलेलं जात नाही. तोंडाने चुकून तेच येतं. बाकी घरात मी सांभाळून असतो."

"कशाला सांभाळून, बाबा?"

बाबांनी खुर्चीच्या हातांवरून बोटं फिरवली. "तो नट तुझ्या बाजूने सुटायचा नाही. शेवटचा मीच बसवला तो. एकदा असाच अडला होता. मी वैतागलो, उन्हाने डोकं फिरलेलं, आणि दांडा धरून चुकीच्या बाजूला सगळं वजन टाकलं. नवा पोऱ्यासुद्धा करणार नाही अशी चूक."

"मग? मोडला?"

"निघाला."

खाली काकूंनी कुकर लावला होता. शिट्टी झाली आणि ती उडाली. बाबांना हसू आलं नाही.

"जाऊ दे," ते म्हणाले. "दादाला सांग, नाही जमलं. म्हणावं, ने मला तिकडे. तू पाना लावू नकोस त्याला."

६

दादा आला तो केळी आणि त्या जागेचा फोटो घेऊन. फोटोत एक लांब व्हरांडा होता आणि ओळीने खुर्च्या. "हवा छान आहे तिथे," तो म्हणाला आणि स्टूल ओढून सायकलजवळ बसला. "चला, दचकू. एकच नट म्हणालीस ना? होऊन जाऊ दे."

ती रात्रभर झोपली नव्हती. तिने पाना नटावर बसवला, दांड्यावर पाइप चढवला. तळहात कुर्त्याला पुसले.

"हं, बाबा," दादा मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसा बोलला. "सांगा. कुठे फिरवायचा?"

बाबांनी धोतराचा सोगा मांडीवर नीट केला.

"बाबा?"

"मला नाही आठवत," बाबा म्हणाले.

ते खोटं बोलत होते. ती जन्मभर खोटं बोलायला घाबरलेली, तिला दुसऱ्याचं खोटं लगेच कळत असे. त्यांच्या मांडीवर, धोतराच्या सोग्याखाली, त्यांचं मनगट आपोआप वळत होतं. उजवीकडे.

"अहो, आवळायचं उजवीकडे आणि सोडवायचं डावीकडे, हे तर मलासुद्धा माहिती आहे," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि तेच तिला सहन झालं नाही. "राहू दे गं. आपण उगाच त्यांना त्रास देतोय. सोमवारी मी गाडी घेऊन येतो."

"आठवतंय त्यांना," ती म्हणाली. "उजवीकडे सुटतो हा. मला कालच सांगितलं त्यांनी."

"उजवीकडे? अगं, तोडशील."

"नको," बाबा म्हणाले. खुर्ची करकरली. "बाळा, नको. ऐक माझं."

बाबा उठायच्या आत तिने पाय भिंतीला टेकवले, डोळे मिटले आणि पाइप उजवीकडे ढकलला. आधी काहीच झालं नाही. मग लोखंड ओरडलं. बारीक की जाड ते तिला कळलं नाही, कारण आवाज सायकलमधून न येता कानाच्या मागून, कवटीच्या आतल्या बाजूने आल्यासारखा आला. पाइप हातात सैल पडला. खांद्याला हिसका बसून ती फरशीवर आपटली.

चिमटा सुटून रद्दीवर पडला. नट घरंगळत जाऊन भिंतीशी थांबला.

७

"निघाला की," दादा म्हणाला.

तिने डोळे उघडले. तोंडासमोरच रद्दी होती. त्यातली अक्षरं ओळखीची होती, पण वाचायला गेलं की निसटत होती, जशी सगळी पाठ फिरवून चाललेली. पडल्याने असेल. डोक्याला मार लागला की होतं असं. तिने मान वर केली. ऊन दुसऱ्या बाजूने येत होतं.

"मी हरलो, बुवा," दादा सांगत होता. त्याने घड्याळ भलत्याच हाताला बांधलं होतं आणि भांगही भलतीकडेच पाडला होता. तो आला तेव्हा हे आपल्याला कसं दिसलं नाही, याचं तिला नवल वाटलं. "खरंच उजवीकडे निघाला. बाबा, मानलं तुम्हाला. राहा इथेच. पण गॅसला हात लावायचा नाही, काय?"

बाबा खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठत होते.

"चहा टाकते," ती म्हणाली. आपला आवाज तरी नेहमीसारखा आहे, या धीरावर ती उठली. स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली आणि तिचं कपाळ भिंतीवर आदळलं.

दादा खो खो हसला. "दचकू, दार इकडे आहे. बस तू, मीच टाकतो." तो गेला. कपबशांचा आवाज यायला लागला, जिथून यायला नको होता तिथून.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे जिकडे न्यावेत तिकडे खोली सगळी होती, एकही वस्तू कमी नव्हती, आणि तरी दुसऱ्याच्या घरात झोपेतून जाग यावी तसं होत होतं. शेवटी तिने बाबांकडे पाहिलं.

बाबा उठून तिच्यासमोर आले होते. त्यांचा भांग, गालावरची चामखीळ, जरा जास्त वर चढणारी एक भुवई. लहानपणी ती सायकलच्या दांडीवर बसून मान मागे टाकी, तेव्हा वर दिसायचा तो चेहरा. इतक्या वर्षांत तो असा कधीच दिसला नव्हता, आणि काय बिघडलंय तेही तिला कधी कळलं नव्हतं. आता त्या सगळ्या वाकड्या खोलीत तेवढे बाबाच सरळ होते.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सवय होते ना, बाबा?" तिने विचारलं.

त्यांनी तिचा हात धरला आणि तळवा भिंतीवर नेऊन ठेवला.

"धरून चाल," ते म्हणाले.